सनईचा नंबर ११२ : एकच मिडी फाइल प्रत्येक मशीनवर वेगळी का वाजते?

एमपी३ गाणं कुठल्याही फोनवर लावा, तेच गाणं ऐकू येतं. स्पीकर बरा-वाईट असेल, पण सनई सनईच राहते. मिडी फाइलचं मात्र तसं नाही. तीच फाइल फोनवर एक वाजते, लॅपटॉपवर दुसरी आणि एखाद्या जुन्या साउंड मॉड्यूलवर तिसरीच. असं का होतं? आणि आपल्याकडच्या कीबोर्डवाल्यांना, ऑर्केस्ट्रावाल्यांना याची काळजी का असावी? सोप्या भाषेत पाहूया.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच

मिडी म्हणजे वाद्यांना एकमेकांशी बोलायला दिलेली भाषा. ती १९८३ साली बाजारात आली. रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. या कामाबद्दल दोघांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

मिडी फाइलमध्ये फक्त सूचना असतात : अमुक चॅनेलवर, अमुक नंबरचं वाद्य घे, हा स्वर इतक्या जोरात दाब, आता सोड. म्हणूनच चार मिनिटांचं एमपी३ गाणं साधारण ४ एमबी भरतं, आणि तेवढ्याच वेळेची मिडी फाइल काही केबीत मावते. लग्नाच्या स्वयंपाकाची यादी आचाऱ्याच्या हातात द्यावी तसं हे आहे. यादी एकच, पण वरणाची चव आचाऱ्यागणिक बदलते. साउंड मॉड्यूल म्हणजे हा आचारी. त्याला पट्ट्या नसतात, नुसता डबा असतो. मागून केबलनं सूचना आत जातात, पुढून आवाज बाहेर येतो.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे ऑक्टोपॅड. रोलँडचं १९८५ चं पहिलं मॉडेल, पॅड-८, यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. काडी मारली की फक्त मिडी सूचना बाहेर जायची, आवाज जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून यायचा. आवाज आतच असलेले ऑक्टोपॅड नंतर आले.

तीन मॉडेल, तीन स्वभाव

*रोलँड एमटी-३२ (१९८७).* त्या काळी मेमरी फार महाग होती. अख्खा स्वर रेकॉर्ड करून चिपमध्ये ठेवणं परवडत नव्हतं. मग रोलँडनं युक्ती केली : स्वराची सुरुवात, म्हणजे तार छेडल्याचा किंवा फुंक लागल्याचा पहिला क्षण, खऱ्या रेकॉर्डिंगमधून घ्यायचा आणि पुढचा लांबणारा भाग यंत्रानंच तयार करायचा. कान वाद्य ओळखतो ते बरंचसं त्या पहिल्या क्षणावरून, म्हणून युक्ती चालून गेली. पण म्हणूनच एमटी-३२ चा आवाज थोडा काचेसारखा, थोडा स्वप्नातला वाटतो.

*रोलँड एससी-५५ (१९९१).* याचं नाव साउंड कॅनव्हास. यात पुढचा भागही रेकॉर्डिंगमधूनच येतो, शिवाय घुमारा आणि कोरस आतच आहेत. एका वेळी २४ आवाज निघतात. ‘डूम’ या १९९३ च्या गेमचं संगीत बॉबी प्रिन्स यांनी याच मॉड्यूलवर तयार केलं होतं, म्हणून दुसऱ्या यंत्रावर ते ऐकलं की जुन्या गेमर्सना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

*यामाहा एमयू८० (१९९४).* एका वेळी ६४ आवाज, इफेक्ट जास्त, आणि यामाहाची स्वतःची ‘एक्सजी’ पद्धत. एकूण आवाज उजळ आणि धारदार.

२४ आणि ६४ हे आकडे नुसते जाहिरातीचे नाहीत. काही वाद्यांना एका स्वरासाठी दोन आवाज लागतात, म्हणजे २४ चे १२ स्वर उरतात. गाणं भरगच्च झालं की मॉड्यूल जुना स्वर मध्येच तोडून नव्याला जागा करून देतं. फाइल तीच असते, पण कमी ताकदीच्या यंत्रावर मागचे स्वर गळालेले ऐकू येतात.

नंबर चुकला की वाद्यच बदलतं

एमटी-३२ च्या काळात कुठल्या नंबरवर कुठलं वाद्य, याचा सर्वांसाठी एक नियम नव्हता. त्यात ६४ नंबरवर सतार होती. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाची १२८ वाद्यांची सामायिक यादी आली, आणि तिथे ६४ वर सिंथ ब्रास बसला. म्हणजे एमटी-३२ साठी केलेली फाइल नव्या मॉड्यूलवर लावली तर सतारीच्या जागी पिपाणीसारखं काहीतरी वाजणार! उलट बाजूनं आणखी गंमत. एमटी-३२ ठरवून दिल्याशिवाय चॅनेल १ ऐकतच नाही. त्याचे चॅनेल २ ते १० असतात. फाइलमधली मुख्य चाल चॅनेल १ वर असेल, तर ती गायबच.

यादी आल्यावरही भांडण मिटलं नाही. १२८ च्या पलीकडचे जादा आवाज निवडायला रोलँडच्या ‘जीएस’नं एक कंट्रोल नंबर वापरला (०), यामाहाच्या ‘एक्सजी’नं दुसरा (३२). म्हणून एका कंपनीसाठी केलेल्या फाइलमधला खास आवाज दुसरीकडे सापडत नाही आणि साधा आवाज वाजतो. एमयू८० मध्ये जीएस फाइलींसाठी वेगळा मोड दिलाय, तो याचसाठी.

आता आपल्या सनईचं बघू

जनरल मिडीच्या यादीत सनई आहे, नंबर ११२. (काही अ‍ॅप शून्यापासून मोजतात, तिथे ती १११ वर दिसेल.) सतार १०५. पण १०५ ते ११२ या आठ जागांत सतार, सनई, जपानी कोतो, आफ्रिकी कलिंबा, बॅगपाइप असं सगळं कोंबलंय. नुसत्या पियानो-घराण्याला मात्र आठ जागा! ढोलकी, संबळ, हलगी तर यादीतच नाहीत. तालवाद्यांच्या चॅनेल १० वर बोंगो आहे, कोंगा आहे, तबला नाही.

बार्शीटाकळीत माझ्या ओळखीच्या एका कीबोर्डवाल्या काकांकडे एससी-५५ आहे. आम्ही ११२ नंबरची एकच चाल त्यावर आणि माझ्या फोनवर वाजवून पाहिली. मॉड्यूलवरची सनई नाकातली आणि ठसठशीत, फोनवरची बारीक, वरच्या पट्टीत तर डासासारखी. कारण साधं आहे. एकच रेकॉर्डिंग बऱ्याच पट्ट्यांवर ताणलं की टोकाला आवाज बिघडतो. वेगवेगळ्या उंचीची जास्त रेकॉर्डिंग असली की तो टिकतो, पण त्याला जागा लागते.

मींडेचा प्रश्न वेगळाच. स्वर वाकवायची मर्यादा सहसा वर-खाली दोनच अर्धस्वर असते. जास्त हवी तर फाइलमध्ये तशी सूचना लिहावी लागते. एखाद्या यंत्रानं ती सूचना पाळली नाही तर मींड अर्ध्यावरच थांबते आणि सनई बेसूर होते.

काकांकडे पंचवीसेक वर्षांच्या चाली फ्लॉपींवर मिडीत आहेत. मॉड्यूल बंद पडलं तर फाइली राहतील, पण त्यांनी कानानं जुळवलेला आवाज राहणार नाही. असे कीबोर्डवाले वऱ्हाडात गावोगाव आहेत.

तुम्ही काय करू शकता?

१. घरात किंवा ओळखीत कुणाकडे जुनं मॉड्यूल असेल तर मिडी फाइलची कॉपी घ्याच, पण लाइन-आउटमधून ऑडिओही रेकॉर्ड करून ठेवा, तीही वेव्ह फाइलमध्ये. मॉड्यूलचं नाव-मॉडेल फाइलच्या नावातच लिहा.

२. फोनवर फरक ऐकायचा असेल तर साउंडफाँट चालवणारं मिडी प्लेअर अ‍ॅप घ्या. साउंडफाँट म्हणजे आवाजांचा संच. ‘जनरलयूझर जीएस’ हा मोफत आणि चांगला आहे. एकच फाइल, दोन साउंडफाँट : पाच मिनिटांत मुद्दा कळेल.

३. खरं मॉड्यूल फोनला जोडायला ओटीजी अडॅप्टर आणि यूएसबी-मिडी केबल लागते. अँड्रॉइड ६ पासून मिडीची सोय फोनमध्येच आहे.

४. सेकंडहँड घेताना अडॅप्टर तपासा. जपानमधून आलेल्या यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० आहेत. थेट लावला तर जळेल. प्रत्येक बटण दाबून बघा, दोन्ही बाजूंचा आवाज ऐका, आणि ११२ नंबरची सनई वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका.

या चारांतलं पहिलं काम मात्र पुढं ढकलू नका. साउंडफाँट उद्याही डाउनलोड होईल, पण तीस वर्षं जुन्या डब्याची खात्री कुणी देत नाही.