एका नाण्यात किती वेळ? आर्केड गेम इतके अवघड का असायचे

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथल्या 'अँडी कॅप्स टॅव्हर्न' या बारमधून अटारी कंपनीला निरोप आला, तुमचं मशीन बंद पडलंय. मशीन नवंकोरं होतं. पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये टोलवला जाणारा ठिपका, एवढाच खेळ, नाव 'पाँग'. तो तयार करणारा इंजिनिअर ॲलन अल्कॉर्न दुरुस्तीसाठी गेला. पेटी उघडली तर आत बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्यामुळे नवं नाणं आत जात नव्हतं.

हा किस्सा नेहमी पाँगच्या यशाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. पण आर्केड गेम पुढे जसे घडले त्याचं कारणही त्या डब्यातच होतं. मशीन एकदाच विकत घेतलं जायचं आणि मालकाची कमाई व्हायची ती तासाभरात किती नाणी पडतात यावर. अमेरिकेत एका खेळाला २५ सेंट्सचं नाणं, जपानमध्ये १०० येनचं. नाण्याची किंमत वाढवणं सोपं नव्हतं. कमी-जास्त करता येण्यासारखी गोष्ट एकच उरत होती, एका नाण्यात मिळणारा वेळ.

त्यामुळे गेम कळायला सोपा आणि टिकायला कठीण असावा लागे. अटारीच्याच संस्थापकांचा आधीचा गेम, १९७१चा 'कम्प्युटर स्पेस', पहिल्या अटीतच अडखळला. त्याची बटणं आणि सूचना समजून घेण्याइतका धीर बारमध्ये आलेल्या माणसाकडे नव्हता. पाँगच्या सूचना मात्र दोन-तीन छोट्या ओळींत संपायच्या.

दुसरी अट चोख पाळली ती जपानच्या ताइतो कंपनीच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ने. १९७८च्या या गेममध्ये परग्रहवासीयांची रांग खाली सरकत येते आणि जसजसे ते मरतात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात. हे ठरवून केलेलं नव्हतं. पडद्यावर आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरवरचा भार हलका व्हायचा आणि चित्रं भराभर हलायची. तोमोहिरो निशिकादो यांना तो परिणाम आवडला, त्यांनी तो तसाच ठेवला. एक फळी संपली की दुसरी हजर. हा गेम जिंकता येत नव्हता. फक्त हरणं लांबवता यायचं. (त्यामुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, ही गोष्ट आजही सांगितली जाते. तिला ठोस आधार मात्र सापडलेला नाही.)

खेळाडू हुशार झाले, तेव्हा

मालकांची पंचाईत झाली ती खेळणारे तरबेज झाल्यावर. १९८०च्या 'पॅक-मॅन'मधली भुतं ठरावीक नियमांनी चालायची. खेळाडूने नेमक्या त्याच चाली केल्या की भुतंही तशीच वागायची. मुलांनी वाटा पाठ केल्या, त्या शिकवणारी पुस्तकंही निघाली. एक नाणं टाकून कुणी तासन्‌तास मशीन अडवून बसला, की गल्ला रिकामा.

एमआयटीमधल्या काही विद्यार्थ्यांनाही हा अनुभव आला, कारण कॅम्पसवर त्यांची स्वतःची मशीन होती. त्यांनी 'मिसाइल कमांड' हा अटारीचा गेम आणखी अवघड करणारा जोडसर्किटचा संच तयार केला आणि इतर मालकांना विकायला काढला. १९८१मध्ये अटारीने त्यांना कोर्टात खेचलं. प्रकरण बाहेरच मिटलं, पण मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय असे संच विकायचे नाहीत, ही अट पडली. त्यांच्याकडे पॅक-मॅनवरचा संच जवळपास तयार होता. तो घेऊन ते सरळ मिडवे कंपनीकडे गेले, अमेरिकेत पॅक-मॅन विकणाऱ्यांकडेच. त्यातून १९८२चा 'मिस पॅक-मॅन' आला. त्यात चक्रव्यूह बदलत जातो आणि भुतांच्या चालीत थोडा बेभरवसा मिसळलेला आहे. पाठांतराचा उपयोग संपला.

मशीनच्या आत छोटे स्विच असायचे, त्यांनी मालक लाइफ किती आणि गेम किती कठीण हे ठरवू शकत असे. म्हणून एका पार्लरमध्ये सराईत असलेला मुलगा दुसरीकडे लगेच आउट होई.

पैसे टाका, पुढे चला

१९८५च्या 'गाँटलेट'ने उघडच हिशोब मांडला: ताकद सेकंदागणिक घटत जाते, नाणं टाकलं की वाढते. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू'ने त्याहून सोपी युक्ती काढली. दोन माणसं लढणार, जिंकणारा खेळत राहणार, हरणारा नवं नाणं काढणार. आता अवघडपणा गेमने पुरवायची गरजच नव्हती, शेजारी उभा असलेला मुलगा तो पुरवत होता.

महाराष्ट्रात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढलेल्या पिढीला या हिशोबाची ओळख बहुधा 'मुस्तफा'मुळे झाली. कॅपकॉमच्या १९९३च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या गेमला त्यातल्या एका पात्रामुळे भारतभर हेच नाव पडलं. शेवटची लाइफ गेली की पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची आणि तेवढ्यात खिसा चाचपायचा.

घरच्या गेमला नाण्याची फटच नव्हती, कॅसेटचे पैसे आधीच मोजलेले असायचे. तरी १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्येही खेळ सुरू होताना लाइफ मिळायच्या त्या तीनच.