खुनी कोण, ते आधीच सांगून टाका!

थ्रिलर वाचणाऱ्यांच्या जगात एक अलिखित कायदा आहे. पुस्तकाबद्दल काहीही बोला, पण शेवट सांगायचा नाही. सांगितलात तर ग्रुपमधून हकालपट्टी, वर कँटीनचं बिलही तुमच्याच माथी. त्यामुळे झालंय असं, की आपण या पुस्तकांबद्दल धड बोलतच नाही. ‘भारी आहे’, ‘एका रात्रीत संपवलं’, ‘शेवटचा ट्विस्ट बघ, डोकं फिरेल!’ साडेतीनशे पानांच्या पुस्तकावर तीन वाक्यं. झालं.

मला या कायद्याचा जाम कंटाळा आलाय. गेली काही वर्षं मी क्राइम, थ्रिलर आणि डिस्टोपिया सोडून फारसं काही वाचलेलं नाही (अभ्यासाची पुस्तकं यात धरलेली नाहीत, भीतीदायक असली तरी). त्या जोरावर एक विधान ठोकून देते : शेवट कळल्याबरोबर जे पुस्तक मरतं, त्यात आधीही फारसा जीव नसतो.

अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ घ्या. १९२६ चं पुस्तक. शेवटावरून तेव्हाही वाद झाला होता. बाईंनी वाचकांना फसवलं, अशी ओरड झाली होती. मी ते दोनदा वाचलंय आणि दुसऱ्यांदा जास्त मजा आली. पहिल्यांदा आपण खुनी शोधत असतो. दुसऱ्यांदा आपण थेट ख्रिस्तीला पकडायला बसलेलो असतो. इथे तरी खोटं बोलली असेल, नाही तर पुढच्या पानावर तरी! आणि ती सापडत नाही. सगळं समोर मांडून ठेवलेलं असतं, आपणच ते वाचून पुढे गेलेलो असतो. त्या काळात याला फेअर प्ले म्हणायचे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने तर रहस्यकथांसाठी दहा नियमच लिहून काढले. डिटेक्टिव्हला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, पूर्वतयारी न करता जुळा भाऊ उगवायचा नाही, वगैरे. आपल्याकडच्या डेली सोपवाल्यांना हा पेपर द्यायला बसवायला हवं.

आता हे सगळं आजच्या ‘सायकॉलॉजिकल थ्रिलर’शी ताडून बघा. निवेदकाला काहीतरी आठवत नसतं, प्रत्येक प्रकरण तीन पानांचं, प्रत्येकाच्या शेवटी धक्का, आणि शेवटच्या वीस पानांत सगळं उलटंपालटं. याचं खापर अनेक जण ‘गॉन गर्ल’वर फोडतात, ते मला पटत नाही. गिलियन फ्लिनच्या त्या कादंबरीत (२०१२) मोठा धक्का साधारण मध्यावर येतो आणि खरं पुस्तक तिथून सुरू होतं. काय झालं ते कळलंय, आता या दोघांच्या लग्नाचं काय करायचं? नक्कल करणाऱ्यांनी धक्का तेवढा उचलला आणि नेऊन शेवटच्या पानावर ठेवला. लग्न राहिलं बाजूला.

आणि ज्यांना वाटतं, की आधीच सगळं सांगितलं तर सस्पेन्स उरतोच कुठे, त्यांनी केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ वाचावी. मूळ जपानी पुस्तक २००५ चं. करीना कपूर आणि जयदीप अहलावतचा ‘जाने जान’ त्यावरूनच केलाय. खून कोणी केला, कसा केला, का केला, हे सगळं सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर घडतं. बेंतो विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको आणि तिची मुलगी. त्रास द्यायला आलेला यासुकोचा आधीचा नवरा. शेजारी राहणारा, गणित शिकवणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला इशिगामी भिंतीपलीकडचा आवाज ऐकून दार वाजवतो आणि मदत देऊ करतो. तिथून पुढे शेवटपर्यंत पुस्तक खाली ठेवता येत नाही. कारण आता प्रश्न ‘कोण’ हा नाहीच. हा माणूस या बाईसाठी किती दूर जाईल, हा आहे. (हो, शेवटी एक धक्का यातही आहे. तो मात्र मी सांगणार नाही. एवढी वाईट नाहीये मी.)

मराठीत हे काही नवीन नाही. घरातल्या आजी-आजोबांना बाबूराव अर्नाळकरांबद्दल विचारून बघा. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा माणूस. झुंजार किंवा काळापहाड शेवटी जिंकणार, हे पहिल्या पानापासून ठाऊक असायचं, तरी लोक पुढचं पुस्तक कधी येतंय म्हणून वाट बघायचे. सुहास शिरवळकर आपल्याला ‘दुनियादारी’मुळे माहीत, तेही बऱ्याच जणांना सिनेमामुळे. पण वकील अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद ही सगळी त्यांचीच पोरं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांची एखादी रहस्यकथा मिळाली तर घेऊन बघा. रहस्य काय होतं ते महिन्याभराने विसराल, माणसं कशी बोलत होती ते नाही.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्या प्रकारात खुपते, आणि ती जुन्यातही आहे, नव्यातही. पहिल्या पानावर मुलीचं प्रेत. सुंदर, तरुण, शक्यतो नदीकाठी. मग पुढची तीनशे पानं एका दारुड्या, घटस्फोटित इन्स्पेक्टरच्या दुःखाबद्दल. म्हणून मी एक टेस्ट लावते. पन्नासाव्या पानापर्यंत त्या मेलेल्या मुलीला काय आवडायचं, ती कोणावर चिडायची, यातलं काही कळलं का? नसेल कळलं, तर पुस्तक परत लायब्ररीत. स्टीग लार्सनची ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ या टेस्टमध्ये माझ्या मते पास होते. तिचं मूळ स्वीडिश नाव माहितीय? ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’. कादंबरीच्या भागांच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या स्त्रियांवरच्या हिंसेची आकडेवारीही छापली आहे. लार्सन २००४ मध्ये गेला, पुस्तक २००५ मध्ये आलं, आणि इंग्रजीत जाताना ‘द्वेष करणारे पुरुष’ गायब होऊन मुलीच्या अंगावरचा टॅटू कव्हरवर आला. खुनी कोण हे लार्सनने नावातच सांगून टाकलं होतं. इंग्रजीवाल्यांनी ते लपवलं.

डिस्टोपियात तर लपवायला काही नसतंच. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये (पुस्तक १९४९ चं) बिग ब्रदरचं पोस्टर पहिल्याच पानावर भिंतीवरून बघत असतं. गुन्हेगार समोर आहे, नाव-चेहऱ्यासकट, आणि त्याला अटक करणारं कोणी नाही. मजा म्हणजे या ऑर्वेलला (जन्म आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा) खुनांच्या गोष्टींचं भारी वेड. इंग्लंडमधले खून आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, अशी तक्रार करणारा एक अख्खा लेख त्याने १९४६ मध्ये लिहिलाय. जुने खुनी त्याला आवडायचे, कारण ते साधे, पापभीरू, मध्यमवर्गीय असायचे आणि चारचौघांतली अब्रू जाऊ नये म्हणून खून करायचे. ऑर्वेलची नजर कारणावर असायची.

म्हणून मला ‘१९८४’मधला छळ वाचताना जेवढा काटा आला नाही, तेवढा पार्सन्समुळे आला. विन्स्टनचा हा शेजारी. गबाळा, उत्साही, सोसायटीच्या वर्गणीत पुढे असतो ना, तसला. झोपेत सरकारविरुद्ध बरळतो आणि त्याची सात वर्षांची मुलगी जाऊन त्याची तक्रार करते. तुरुंगात तो विन्स्टनला हे सांगतो तेव्हा त्याला मुलीचा राग नसतो. अभिमान असतो! यात कुठला ट्विस्ट आहे?

मार्गारेट अ‍ॅटवूडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) असाच एक प्रसंग आहे. नायिका रोजच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. पुन्हा ट्राय करा, म्हणते. चालत नाही. त्याच दिवशी ऑफिसमधल्या सगळ्या बायकांना काढून टाकतात. संध्याकाळपर्यंत कळतं, की देशातल्या सगळ्या स्त्रियांची खाती गोठवली आहेत. यूपीआय अडकलं की आपली जी दोन मिनिटं जातात, ती आठवून हे वाचा. माणसाच्या इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही, असा अ‍ॅटवूडचा स्वतःशी नियम होता. मंजुळा पद्मनाभन यांचं ‘हार्व्हेस्ट’ हे १९९७ चं नाटक तर आपल्या मुंबईत घडतं, २०१० सालच्या. नोकरी गेलेला ओम आपल्या अवयवांचे हक्क एका श्रीमंत परदेशी गिऱ्हाइकाला विकतो. बंदूक कोणी रोखलेली नसते. सही तो स्वतः करतो. २०१० येऊन गेलं, तरी ती सही वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

(‘हंगर गेम्स’चं पहिलं पुस्तक मला आवडतं. मुलांचं मरण टीव्हीवर बघणारे प्रेक्षक त्यात आहेत म्हणून. त्यानंतर आलेल्या, सोळा वर्षांच्या मुलीने दोन हँडसम मुलांतून एकाची निवड करता करता सरकार पाडण्याच्या कादंबऱ्या मात्र तुम्हालाच लखलाभ.)

शेवटांचा विषय निघालाच आहे, तर ‘१९८४’ संपल्यावर पुढची पानं उलटा. न्यूस्पीक या सरकारी भाषेवर एक परिशिष्ट आहे. कंटाळवाणं दिसतं म्हणून बरेच जण सोडून देतात. ते भूतकाळात लिहिलंय, आणि न्यूस्पीकमध्ये नाही, साध्या इंग्रजीत. म्हणजे ती राजवट कधीतरी संपली? अ‍ॅटवूडने ते तसंच वाचलं, आणि स्वतःच्या कादंबरीच्या शेवटीही २१९५ सालची एक अभ्यासपरिषद घातली. त्या बाईवर जे गुदरलं ते आता इतिहासाचा विषय झालंय. व्यासपीठावर प्राध्यापक महाशय तिच्या गोष्टीवरून विनोद करतात आणि सभागृह हसतं. तो हशा वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

दोन्ही पुस्तकांचे शेवट फोडलेत, माहितीय. आता वाचा आणि काही बिघडलं का, ते सांगा.