‘एमडी’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याच्या परिसरात ‘चेअरमन’ आणि ‘एमडी’ हे शब्द शेतकऱ्यांच्याही तोंडी असतात. चेअरमन निवडून येतो, संचालक मंडळाची बैठक चालवतो. एमडी नेमलेला, पगारी. रोजचा कारभार त्याच्याकडे. मराठीत त्याला आपण कार्यकारी संचालक म्हणतो. पण इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून ‘एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर’ लिहू नये. कंपनीत असे डायरेक्टर अनेक असू शकतात. मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे मुख्य कारभारी. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे साधारणपणे १४ दिवसांत मिळायला हवेत. ते थकले आणि इंग्रजीत अर्ज करायची वेळ आली, तर ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ असंच लिहा, असं आम्ही सांगतो. पदाचं नाव चुकलं, की जाब कुणाला विचारायचा हेच धूसर होतं.