रोज एक मिलिमीटर

पनवेलच्या नव्या इमारतींत खिडक्यांच्या काचा बसवणारा एक तरुण माझ्याकडे फिजिओथेरपीला येतो. काच निसटून मनगट चिरलं, करंगळीकडे जाणारी अल्नर नस तुटली. सर्जनने ती सूक्ष्मदर्शकाखाली शिवली.

तळहात उताणा ठेवायचा. करंगळीच्या टोकापासून मनगटाकडे मी हलकेच टिचक्या मारत येते. एका जागी तो म्हणतो, "मॅडम, मुंग्या!" तिथे पेनाने खूण करायची, व्रणापासूनचं अंतर पट्टीने मोजायचं. नस साधारण रोज एक मिलिमीटर वाढते; महिन्याला तीनेक सेंटिमीटर.

टाके घातले म्हणजे नस जुळली असं नव्हे. जखमेपुढचे तंतू झडून जातात, नवे वरून उगवत यावे लागतात. एरवी तंतूंवर वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशी तेव्हा काम बदलतात: रांगा लावून वाट धरतात आणि वाढघटक सोडतात. त्यातला एनजीएफ संवेदनेच्या तंतूंना जगवतो, जीडीएनएफ स्नायू हलवणाऱ्या तंतूंना. एनजीएफ शोधणाऱ्या रिटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. पण हा पुरवठा काही महिन्यांनी आटत जातो. तंतू उशिरा पोचला, तर त्याला सांभाळणारं पुढे फारसं कुणी उरत नाही.

पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोगाने ग्रासलेल्यांसाठी शांतिवन उभं राहिलं. या रोगाचा जंतू नेमका श्वान पेशींतच घर करतो. कुष्ठरुग्णांच्या बाधित त्वचेत एनजीएफ घटलेलं असतं, हे १९९४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. या रोगातली तपासणी अगदी साधी आहे: डोळे मिटायला सांगून तळहाताला बॉलपेनचं टोक टेकवायचं, कुठे लागलं ते रुग्णाने बोटाने दाखवायचं. बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल, तर प्रेडनिसोलोन देऊन नस वाचवण्याची आशा असते. जंतू गोळ्यांनी मरतो, पण मेलेली नस त्या गोळ्यांनी परत येत नाही. वर्षानुवर्षं चट्टा झाकून ठेवलेला माणूस समोर बसला की जीव तुटतो.

"वाढीचं इंजेक्शन नाही का?" काचवाल्या तरुणाने विचारलंच. डोळ्याच्या बुबुळासाठी एनजीएफचे थेंब अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. हातासाठी तसं औषध अजून नाही. एनजीएफ टोचलं की त्या जागी दुखतंही. त्याला मी एवढंच बजावलं: चहाचा ग्लास उजव्या हाताने धर, गरम भांड्याला डावा लावू नकोस, आणि रोज रात्री डावी करंगळी उजेडात नीट बघ, कुठे चिरली-भाजली तर नाही ना.