फोटोचा भाव कसा ठरतो?

कविता, कथा आणि पुस्तक-परीक्षणांच्या अंकात धंद्यावरचा लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत आपल्या कॉलेजातल्या पंधरा-वीस मुलामुलींनी मला गाठून एकच प्रश्न विचारलाय, "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" मी इथूनच मराठी घेऊन बी.ए. झालो आणि अकरा वर्षं बेळगावात छोटा स्टुडिओ चालवतोय, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून द्या, असं वाङ्मय मंडळाच्या संपादकांनी सुचवलं. तर उत्तर असं, की कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी एक वही घ्या.

वहीत पहिल्यांदा खर्च लिहायचा. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश आणि फोटो दुरुस्त करायला बरा कॉम्प्युटर मिळून ५ लाख रुपये गेले. ही सगळी यंत्रं झिजतात. मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर साधारण दीड-दोन लाख क्लिकपर्यंत चालेल असं धरलेलं असतं, आणि एका लग्नात तीन हजार क्लिक सहज होतात. म्हणजे पन्नास-साठ लग्नांत शटर म्हातारं झालं. म्हणून हे ५ लाख पाच वर्षांवर वाटायचे, वर्षाला १ लाख. दुकानाचं भाडं महिना ८ हजार धरलं तर वर्षाचे ९६ हजार. वीज, फोन, सॉफ्टवेअर, विमा, दुरुस्ती मिळून ८४ हजार. झाले २ लाख ८० हजार. आता आपला पगार. हा रकाना नव्वद टक्के पोरं रिकामाच ठेवतात. "उरेल ते माझं" म्हणतात, आणि उरत काहीच नाही. महिना ३५ हजार धरा, वर्षाचे ४ लाख २० हजार. एकूण बेरीज ७ लाख.

यानंतर दिवस मोजायचे, आणि खरी गंमत इथं आहे. लग्नाचं काम दोन दिवसांचं, असं घरच्यांना वाटतं. हळद आणि लग्न, संपलं. पण तीन हजार फोटोंतून पाचशे निवडणं, रंग सुधारणं, अल्बमची पानं लावणं, घरच्यांनी सुचवलेले बदल करणं यात आणखी पाच दिवस जातात. एक लग्न म्हणजे सात दिवस. वर्षातले २८० दिवस काम केलं तर ४० लग्नं होतात. ७ लाखांना ४० नी भागा, एका लग्नामागे १७,५०० रुपये आले. त्यात मदतनीसाचे दोन दिवसांचे ५ हजार, अल्बमच्या छपाईचे ९ हजार आणि गाडीखर्चाचे दीड हजार मिळवा. ३३ हजार झाले. हा नफा नव्हे, जेमतेम पाण्यावर तरंगायचा भाव आहे. आणि ४० ऐवजी २८ च लग्नं मिळाली तर तोच आकडा ४० हजारांच्या वर जातो.

आता कुणी म्हणतं, "अवो, पलीकडच्या गल्लीतला पोरगा वीस हजारात करून देतोय, तुमचं एवढं कसं?" तो पोरगा काय करतोय ते वही सांगते. वीसातले साडेपंधरा हजार मदतनीस, अल्बम आणि गाडीत गेले. उरलेल्या साडेचार हजारांत सात दिवसांची मजुरी, भाडं आणि कॅमेऱ्याची झीज. तो स्वतःचा कॅमेरा थोडा थोडा विकतोय, एवढंच. त्याच्या भावाला भाव देऊन आपणही तेच करायचं का?

यावर मी एक नियम पाळतो. दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. पानं चाळीसऐवजी तीस, हळदीला एकच फोटोग्राफर, व्हिडिओ नको. गिऱ्हाईक स्वतःच ठरवतं, आणि आपण लाचारही होत नाही. नातेवाइकांचं थोडं अवघड असतं. "घरचंच कार्य हाय" म्हटल्यावर तोंडातून आकडा बाहेर येत नाही. मी त्यांनाही पूर्ण बिल करतो आणि खाली 'आहेर' म्हणून जेवढं सोडायचं तेवढं वजा करून लिहितो. मामाला आपण किती दिलं ते कळतं, वहीलाही कळतं.

२८० दिवस सारखं काम मिळतं असं मात्र समजू नका. आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत हिंदू लग्नं जवळजवळ बंद असतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, पुन्हा पौषात ओढ. ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात शक्यतो लग्न ठेवत नाहीत. रमजानमध्ये मुसलमान मोहल्ल्यातली कामं थांबतात. आपल्याकडे मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू अशी सगळी घरं असल्यानं एकाचा रिकामा काळ दुसऱ्याच्या कामानं थोडाफार भरतो. सीमाभागात धंदा करण्याचा हा फायदा क्वचितच कुणी बोलून दाखवतं. खानापूर, चंदगड, चोर्ला घाट उतरून गोवा, सगळीकडून फोन येतात. पण चांगल्या मुहूर्ताला एकाच तारखेचे पाच फोन येतात आणि देह एकच असतो. म्हणून तारीख राखून ठेवण्यालाही किंमत आहे, ती आगाऊ रकमेत घ्यायची.

पावसाळ्यात दुकान उघडं ठेवतो तो काउंटर. पासपोर्ट साइझचे फोटो, जुने फोटो नीट करून देणं, फ्रेम. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहाच्या एका कागदावर बसतात. अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंची चौकोनी लागतो. हे माप चुकलं तर माणसाचा अर्ज अडतो, म्हणून हे काम कंटाळवाणं असलं तरी हलकं नाही. दिवसाला खर्च वजा जाता तीनशे रुपये सुटले आणि तीनशे दिवस दुकान उघडं राहिलं तर ९० हजार होतात. भाड्याचं ओझं जवळपास उतरलं.

पैसे कधी घ्यायचे यावर मी बराच हट्टी आहे. तारीख पक्की करताना ४० टक्के, लग्नाच्या आधी ५० टक्के, अल्बम देताना राहिलेले १०. लग्न झालं की मांडव, जेवण, सोनं यांत घरचे पैसे संपलेले असतात आणि फोटोवाला रांगेत शेवटी उभा असतो. मोठी रक्कम शेवटावर ठेवली तर अल्बम कपाटात आणि आपण फोनवर, असं वर्षभर चालतं.

हे सगळं कागदावर हवं. एक पान पुरतं. तारीख, ठिकाण, किती तास, किती फोटो, अल्बम किती दिवसांत, लग्न पुढं गेलं तर आगाऊ रकमेचं काय. गिऱ्हाइकाला वाचता येईल त्या भाषेत. माझ्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही छापील पानं आहेत.

त्याच पानावर आणखी एक ओळ लागते, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. फोटो मी काढला म्हणून तो माझा, असं आपण धरून चालतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक तो काम देणारा असतो. म्हणजे लग्नाचा फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर किंवा दुकानाच्या काचेवर लावायचा तर लेखी परवानगी आधीच घ्यायला हवी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुणाच्या मुलीचा चेहरा आपल्या जाहिरातीला वापरताना विचारायला काय हरकत आहे?

कागदोपत्री बाकीचं फार अवघड नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर आपल्याकडे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल आणि धंद्यासाठी उडवायचा असेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय आपल्याकडे सांबऱ्याचा विमानतळ आणि कॅम्पातला लष्कराचा भाग, त्यामुळे "उडवून तर बघू" हा विचारच सोडा. फोटोंच्या तीन प्रती, त्यातली एक दुकानाबाहेर, दुसऱ्या घरात. लग्न परत लागत नाही.

भावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे गिऱ्हाईक कोण. इथं मला राजा दीनदयाळ आठवतात. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता त्यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला. पुढं सिकंदराबादला आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला, निजामाच्या दरबाराचे फोटोग्राफर झाले. दरबारी फोटो सगळ्यांना माहीत आहेत. मला महत्त्वाचा वाटतो तो १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी उघडलेला जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या बायका पुरुष फोटोग्राफरसमोर येणार नाहीत, म्हणून तिथं फोटो काढायला एक इंग्रज बाई ठेवली होती. दुकानात कोण येतंय हे सगळेच बघतात. कोण येत नाही आणि का येत नाही, हे त्यांनी पाहिलं.

आजही नवरीच्या खोलीत, चुड्याच्या वेळी, ओटीभरणात, बाळंतिणीच्या घरी मुलगी फोटोग्राफर असेल तर बायका मोकळ्या बसतात आणि फोटो वेगळेच येतात. माझ्याकडे "तुमच्यात कुणी बाई आहे का?" म्हणून फोन येतात, आणि बऱ्याचदा नाही म्हणावं लागतं. वर्गातल्या ज्या मुलींना यात रस आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लगेच पाच लाखांचं कर्ज काढू नका. कॅमेरा आणि लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळतात. एक हंगाम कुणाच्या तरी हाताखाली दुसरा फोटोग्राफर म्हणून काढा, आणि तेव्हापासूनच वहीत लिहायला लागा. किती तास उभं राहिलो, किती रात्री निवड केली, हातात किती आले. तुळशीचं लग्न झालं की मलाही दोन माणसं लागणार आहेत.