मार्गारेट रिव्हर : समुद्र, जंगल आणि द्राक्षबागा

पर्थहून दक्षिणेला सुमारे २७० किलोमीटर, गाडीने तीन तास. पश्चिम ऑस्ट्रेलियातला मार्गारेट रिव्हर हा वाइनचा प्रदेश स्वतः गाडी चालवतच पाहावा. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, त्यामुळे हात लवकर बसतो. बागा विखुरलेल्या आहेत आणि समुद्र कुठूनच फार लांब नाही.

ही भूमी वाडांडी लोकांची. इथल्या वाइनचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. १९६०च्या दशकात कृषिशास्त्रज्ञ डॉ. जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी इथलं हवामान फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनप्रदेशाच्या जवळचं असल्याचं दाखवून दिलं. तीन बाजूंनी समुद्र असल्याने इथे ना कडाक्याची थंडी, ना भाजून काढणारा उन्हाळा. त्यांचं संशोधन वाचून पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. टॉम कलिटी यांनी १९६७ साली ‘वास फेलिक्स’ची बाग लावली. पहिलं पीक कुजीने आणि सिल्व्हरआय नावाच्या चिमुकल्या पाखरांनी नासवलं. पाखरांना धाक बसावा म्हणून त्यांनी बहिरी ससाणा आणला. सोडताच तो उडून गेला, तो परतलाच नाही. बाटलीच्या लेबलावर मात्र तो कायमचा बसला!

पाखरांचा त्रास आजही आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस कुंपणापलीकडची मॅरी झाडं पांढऱ्या मोहराने भरली, की पाखरं मधासाठी तिकडे वळतात आणि द्राक्षं वाचतात. मोहर कमी आला, की बागायतदाराची सारी भिस्त वेलींवर पांघरलेल्या जाळ्यांवर. म्हणूनच इथे बागेइतकंच रानाकडेही लक्ष द्यावं. पेल्यातल्या कॅबर्ने सोव्हिन्याँ वाइनमध्ये त्या झाडांचाही वाटा आहे.

केव्हज रोडने दक्षिणेकडे जाताना बोरानपचं जंगल लागतं. कारी वृक्षांचे फिकट, सरळसोट बुंधे साठ मीटरपर्यंत गेलेले. शतकापूर्वी इथली झाडं लाकडासाठी तोडली होती. आजचं जंगल त्यानंतर वाढलेलं आहे. इथे गाडी थांबवून पायी चालाच. पुढे ऑगस्टापाशी केप लूविनचं दीपगृह आहे. आपला हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर इथे भेटतात, असं स्थानिक लोक सांगतात.

दिवसाला दोनच बागा ठेवा. वाइन चाखण्याच्या दालनाला इथे ‘सेलर डोअर’ म्हणतात. गाडी चालवणाऱ्याने तिथे एक घोटही घेऊ नये. आणि अंधारापूर्वी मुक्कामी पोचा, कारण सांजवेळी कांगारू अचानक रस्त्यावर उडी घेतात.