‘सगळे आले का?’ असं कधीच विचारू नका

परीक्षा संपल्यात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळी शिबिरांची पोस्टर्स धडाधड पडतायत. म्हणून या वेळचा भाग शिबिरातल्या मुलांच्या सुरक्षेच्या नियमांवर. ज्यांना गर्दीत ऐकू येत नाही किंवा जे मीटिंगमध्ये चोरून वाचतायत, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, थोडं साफसूफ करून.

‘नियम’ म्हटल्यावर लगेच स्किप करू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मुलं नाहीत, मलाही नाहीत. पण भाचे-पुतणे आहेत. शिवाय शिबिरात ‘दादा’ आणि ‘ताई’ म्हणून शिट्टी घेऊन उभे असतात ते आपल्याच वयाचे. मागच्या मे महिन्यात मीही होतो, आणि एक मोठी चूक करून बसलो. तिथूनच सुरू करतो.

००:५० | टेकडीवरची ११ मिनिटं

पुण्यातलं एक छोटं शिबिर. सकाळी साडेसात ते साडेअकरा, ७ ते १२ वर्षांची मुलं. मी मोटर, सेल आणि वायर घेऊन छोट्या गाड्या बनवायला शिकवत होतो. एका सकाळी मुलांना टेकडीवर नेलं. यादीत २४ नावं, एक मुलगी गैरहजर, म्हणजे २३ मुलं. सोबत मी, आणि खेळ घेणारी एक ताई.

उतरताना एका वळणावर थांबलो. मी जोरात विचारलं, “सगळे आले का रे?” तेवढ्याच जोरात उत्तर आलं, “होऽऽऽ!” मी वहीत टिक केली.

ताई मात्र मागून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजत आली. म्हणाली, “२२.”

मी म्हटलं, “२३ आहेत अगं, आत्ताच चेक केलं.”

तिने विचारलं, “तू मोजलंस की विचारलंस?”

हा प्रश्न मला अजून रात्री आठवतो. मी ताईला मुलांपाशी ठेवून उलटा वर पळालो. ११ मिनिटं लागली. मुलगा वरच्या एका झाडाला टेकून बसला होता, बुटाची नाडी सुटलेली, चेहरा रडवेला. मला बघून म्हणाला, “मी हललो नाही. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?”

मुलाने त्याचा नियम पाळला होता. मी माझा पाळला नव्हता. त्याच दिवशी त्याच्या आईबाबांना आम्ही सगळं खरं खरं सांगितलं. ते रागावले, आणि ते बरोबरच होतं.

०२:४० | प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने पाहिलं असेल

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावल्या. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच हे ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यातले ८५ टक्के तो आवाज चालू असतानाच मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यातले फक्त ३१ टक्के उठले. माणसं वाईट नव्हती. जबाबदारी वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडीच आली.

शिबिरात नेमकं हेच होतं. दादा समजतो ताईने पाहिलं, ताई समजते आयोजकांनी पाहिलं, आईला वाटतं व्हॅनकाकांनी पाहिलं. शिबिराचे चांगले नियम हा गोंधळ तोडण्यासाठी असतात. कुठलाही नियम बघा, तो एकच गोष्ट ठरवतो: या क्षणी नक्की कोण बघतंय?

०३:५० | मोजणी आणि जोडी

मोजणीचे नियम साधे आहेत. विचारायचं नाही, मोजायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा एकमेकांना आधी सांगायचा नाही, नाहीतर दुसरा माणूस नकळत तोच आकडा ‘मोजतो’. निघताना, पोचल्यावर, बाथरूमच्या सुट्टीनंतर आणि बसमध्ये बसल्यावर मोजायचं. आणि त्या दिवशी हजर मुलं किती, हा आकडा दोघांना तोंडपाठ हवा.

मुलांसाठी जोडीचा नियम: आपला जोडीदार दिसत नसेल तर लगेच ओरडून सांगायचं. यात एक बग आहे, आणि तो मीच प्रॉडक्शनला पाठवला होता. गैरहजर मुलगी ही त्या मुलाची जोडीदार होती. तो एकटा उरला आणि ‘माझा जोडीदार कुठेय?’ असं विचारणारं कोणी उरलंच नाही. मूल एकटं उरलं की तिघांचा गट करा. रोज सकाळी, हजेरीनंतर लगेच.

आणि हरवलं तर? लहान मुलाला एकच वाक्य पुरे: “जिथे आहेस तिथेच थांब, आम्ही येतो.” दोघंही एकमेकांना शोधत फिरले की चुकामूक वाढत जाते.

०५:२० | ओटीपी आणि व्हॅनकाका

शिबिर सुटायची वेळ सगळ्यात गोंधळाची. स्कूटर, रिक्षा, आजोबा, शेजारच्या काकू. मूल ‘ओळखतो मी यांना’ म्हणालं म्हणून सोडायचं नाही. कोण कोण न्यायला येऊ शकतं याची नावं आणि नंबर पहिल्या दिवशीच लिहून घ्यायचे. नवीन माणूस आला तर पालकांना फोन, तोही आपल्याकडे नोंदवलेल्या नंबरवर. समोरचा माणूस ‘हा घ्या, बोला’ म्हणून स्वतःचा फोन पुढे करतो, त्यावर नाही. बँकेचा म्हणून आलेल्या फोनवर आपण ओटीपी देत नाही ना, तसंच.

घरच्यांनी मुलासोबत एक सांकेतिक शब्द ठरवावा. ‘थालीपीठ’ ठेवा, काहीही ठेवा. न्यायला आलेल्याला तो सांगता आला नाही तर मुलाने जायचं नाही, आत ताईकडे परत यायचं. आणि शब्द एकदा वापरला की घरी बदलायचा.

०६:३० | ऊन आणि पाणी

हे पटकन सांगतो. दुपारी १२ ते ३ मुलं उघड्या मैदानावर नकोत. ‘तहान लागली की प्या’ हा नियम खेळात रमलेल्या मुलाला लागू पडत नाही. शिट्टी वाजली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची, अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने नाही. अंग खूप तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा झोक जातोय, तर हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पोहण्याचं शिबिर असेल तर एवढं लक्षात ठेवा: सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षात बुडणारं मूल बहुतेक वेळा गप्प असतं, कारण श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही. एका मिनिटाच्या आत सगळं होऊ शकतं. म्हणून काठावर एक माणूस असा हवा ज्याचं काम फक्त बघणं आहे. त्याचा फोन बॅगेत, आणि थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलायचा.

०७:४० | बंद दार आणि गुपित

आता अवघड विषय. कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही मुलासोबत बंद दाराआड एकटं राहायचं नाही. मलमपट्टी करायची असेल तरी दार उघडं, दुसरं कोणी दिसेल अशा जागी. यावर हमखास ऐकू येतं, “आमच्यावर विश्वास नाही का?” माझ्या ऑफिसात १५ वर्षं काम केलेल्या सीनियरचा कोडसुद्धा दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तो चिडत नाही, कारण नियम त्याच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. हा नियम चांगल्या दादालाही सांभाळतो.

मुलांना सांगायचं ते असं: सरप्राइज चालतं, गुपित चालत नाही. सरप्राइज सगळ्यांना कळणारच असतं, जसं वाढदिवसाचा केक. पण मोठा माणूस ‘घरी सांगू नकोस’ म्हणाला, तर ती गोष्ट त्याच दिवशी घरी सांगायची. आणि घरच्यांनी ऐकताना ओरडायचं नाही.

दादा-ताई लोकांनो, तुमच्यासाठी: पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आयोजकांच्या कानावर घातलं’ एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२.

०९:०० | फोन खाली ठेवा

शिबिराचे गोड फोटो लगेच स्टोरीवर टाकायची खाज आपल्यालाच जास्त. मुलाचा चेहरा, गळ्यात नावाची पट्टी, खाली ठिकाणाचा टॅग, आणि तेही लाइव्ह. अनोळखी माणसाला मुलाला नावाने हाक मारायला एवढं पुरतं. पालकांची परवानगी घ्या, पट्टी झाकलेली असू द्या, फोटो शिबिर सुटल्यावर त्यांना पाठवा.

०९:३० | फी भरण्याआधी

भाच्याला शिबिरात घालणाऱ्या माझ्या ताईला मी सांगितलं, पोस्टरवर रोबोटिक्स आहे की घोडेस्वारी ते नंतर बघ. आधी फोन करून तीन प्रश्न विचार. एका मोठ्या माणसामागे मुलं किती? मुलाला न्यायला दुसरं कोणी आलं तर तुम्ही काय करता? एखादं मूल दिसेनासं झालं तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करतं? नीट शिबिरवाले न अडखळता उत्तर देतात. ‘अहो, आमच्याकडे असं काही होत नाही’ असं उत्तर आलं, तर फी भरू नकोस.

कारण माझ्याकडेही असं काही होत नव्हतं. त्या वळणापर्यंत.

या वर्षीही मी शिबिरात जातोय. वहीच्या पहिल्या पानावर तिचा प्रश्न लिहिलाय: मोजलंस की विचारलंस? तुमच्या ओळखीत कोणी या मे महिन्यात दादा किंवा ताई होणार असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा!